एअर क्लीनर काढला की सुटणारा चोक

कार्ब्युरेटरच्या गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावे म्हणून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवा अडवणारी आणि इंजिन तापल्यावर आपोआप उघडणारी झडप) अडकणे ही तक्रार माझ्या हाताखालून इतक्यांदा गेली आहे, की धुराचा रंग आणि सायलेन्सरपाशी येणारा कच्च्या पेट्रोलचा वास यांवरूनच निम्मे निदान होते. एका गाडीने मात्र मला चांगलेच चकवले, कारण तिचा दोष माझ्या तपासणीच्या पहिल्याच पायरीवर नाहीसा होत होता.

मालकांची तक्रार दुहेरी होती. सकाळी थंड इंजिन सुरू व्हायला फार वेळ लागतो, आणि एकदा गरम झाले की काळा धूर येतो, इंजिनाची रेस खाली उतरत नाही आणि पेट्रोल भलतेच जाते. थंड इंजिन सुरू होत नाही म्हणजे चोकची झडप पुरती बंद होत नाही, आणि गरम झाल्यावर धूर येतो म्हणजे ती पुरती उघडत नाही. एकच झडप दोन्हीकडे कशी चुकते, हे कोडे पहिल्याच क्षणी समोर होते. याआधी दुसरीकडे प्लग बदलून झाले होते, कार्ब्युरेटर खोलून धुऊन झाला होता आणि चोकची इलेक्ट्रिक टोपीही (विजेने तापून झडप उघडू देणारा भाग) नवी बसवलेली होती.

ऑटोमॅटिक चोकची तपासणी पूर्ण थंड इंजिनावरच करावी लागते, म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी मदतनीस मुलाने एअर क्लीनर, म्हणजे कार्ब्युरेटरवर बसणारा हवा गाळण्याचा डबा, उतरवला आणि मी ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडला. झडप मिटली, पण कडेला बरीच फट राहिली. टोपीवरची खूण पाहिली तर कोणीतरी ती मधल्या रेघेपासून बरीच लांब, मिश्रण हलके होण्याच्या, म्हणजे पेट्रोल कमी जाण्याच्या, बाजूला फिरवून ठेवली होती. धूर येतो म्हणून टोपी फिरवायची, हा सोपा आणि हमखास चुकीचा उपाय मी पुष्कळ पाहिला आहे. तीन स्क्रू सैल करून खूण मूळ जागी आणली, तेव्हा झडप व्यवस्थित मिटली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले. व्हॅक्यूमच्या डायफ्रॅमने झडप लगेच थोडी खेचून घेतली, जेणेकरून सुरू झालेले इंजिन पेट्रोलने गुदमरू नये. टेस्ट लॅम्पने टोपीपर्यंत वीज पोहोचते आहे याची खात्री केली, अर्थिंग पाहिले. टोपीतली दोन धातूंची गुंडाळी तापत गेली, काही मिनिटांत झडप सरळ उभी राहिली आणि ॲक्सिलरेटरला जरा स्पर्श करताच रेस खाली आली. झडप ज्यावर फिरते त्या दांड्यावर थोडा चिकट थर होता, तो कार्ब्युरेटर क्लीनरने काढला. (तिथे तेल कधीही सोडू नये, आज झडप मोकळी होते आणि तेलाला धरलेल्या धुळीने काही आठवड्यांत पुन्हा जखडते.) एअर क्लीनर बसवला, फेरी मारून आलो, धुराचा मागमूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक तीच गाडी काळा धूर सोडत घेऊन आले. "आज सुरू मात्र झटक्यात झाली हो, पण धूर कालच्यापेक्षा जास्त आहे," असे ते म्हणाले. हे वाक्य महत्त्वाचे होते, पण ते मला नंतर कळले. मी इंजिन बंद केले आणि या वेळी एअर क्लीनर स्वतःच उघडायला घेतला. नट सुटायला लागला तसा आतून 'टक्' असा बारीक आवाज आला. झाकण उचलले तर झडप सरळ उभी.

"उस्ताद, चोक तर उघडाच आहे," मुलगा म्हणाला.

माझे लक्ष हातातल्या पान्याकडे गेले. एअर क्लीनरच्या झाकणावर विंग नट असतो, तो बोटांनी फिरवायचा असतो. मग माझ्या हातात पाना कशाला? मूळ विंग नट कधीतरी हरवला असावा आणि त्याच्या जागी साधा षट्कोनी नट आला होता. एअर क्लीनरच्या तळाशी, कार्ब्युरेटरच्या तोंडावर बसणारी गॅस्केटही (सांधा बुजवणारी मऊ चकती) नव्हती. गॅस्केट नाही म्हणून डबा खडखडणार, आणि खडखडतो म्हणून कोणीतरी नट पान्याने आवळणार, ही साखळी उघड होती. काल नट मुलाने काढला आणि घातला होता, त्यामुळे ती माझ्या नजरेतून सुटली होती.

आता संशयाचा पुरावा हवा होता. इंजिन पूर्ण निवेपर्यंत, म्हणजे दुपार उलटेपर्यंत, थांबलो. एअर क्लीनर बसला की झडप दिसत नाही, पण तिच्या दांड्याचा बाहेरचा लिव्हर बाजूने दिसतो. त्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, छोटा आरसा आणि टॉर्च धरून ठिपका दिसतो याची खात्री केली आणि एअर क्लीनर आला होता तसाच पान्याने आवळून बसवला. ॲक्सिलरेटर दाबताच ठिपका जड अंगाने, पण बंद होण्याच्या बाजूला गेला. इंजिन सुरू झाले. ठिपका थोडा सरकला, आणखी थोडा सरकला आणि अर्ध्या वाटेत थांबला. टोपी हाताला चटका देण्याइतकी तापली तरी तो हलेना, आणि मागे काळा धूर सुरू झाला. मी नट अर्धा फेरा सैल केला. ठिपका एका झटक्यात उरलेले अंतर सरकला, इंजिनाचा घुसमटलेला आवाज मोकळा झाला आणि ॲक्सिलरेटरला टिचकी मारताच रेस खाली बसली.

कार्ब्युरेटरचे वरचे तोंड हलक्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि नटाचा खांब त्याच्याच मधल्या पट्टीत रोवलेला असतो. वरून नट आवळला की पट्टी वर खेचली जाते, कडा खाली दाबल्या जातात, आणि दांडा ज्या दोन भोकांतून आरपार जातो ती केसभर तिरकी होतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण दांड्याला ते पुरते. थंडीत गुंडाळीचा जोर भरपूर असल्याने ती जखडलेली झडपही ओढून मिटवते. गरम झाल्यावर तो जोर ओसरतो आणि झडप उघडायला तिचे स्वतःचे वजन आणि आत शिरणाऱ्या हवेचा रेटा एवढेच उरते. तेवढ्याने दांडा फिरत नव्हता. टोपी हलक्या बाजूला होती तोवर झडप कमी मिटायची, म्हणून सकाळचा त्रास जास्त आणि धूर कमी. मी खूण सुधारली तेव्हा झडप पुरती मिटू लागली आणि सुटेना म्हणून धूर वाढला. माझ्या बरोबर दुरुस्तीने गाडी जास्त बिघडलेली दिसली ती अशी. पहिल्या दिवशी फेरीत धूर का दिसला नाही, तेही उलगडले: झडप उघडलेली असताना नट आवळला होता, म्हणून ती उघडीच जखडली.

मालकांना हे तोंडी सांगून पटले नसते. मी एअर क्लीनर काढला, त्याच्या जागी खांबावर भोक पाडलेली पोलादी पट्टी कार्ब्युरेटरच्या काठांवर आडवी टेकवली आणि नट त्यांच्याच हाती दिला. बोटांनी बसवला तेव्हा झडप बोटाच्या टोकाने डुलत होती. पान्याच्या पाऊण फेऱ्यानंतर ती जिथे सोडावी तिथे थांबू लागली. "एवढ्याशा नटाने?" असे म्हणत त्यांनी तो तीनदा आवळून सैल केला.

दांडा तपासला तेव्हा एका टोकाला घासल्याची चकचकीत रेघ होती, पण भोके झिजलेली नव्हती. तोंडाच्या काठावर पोलादी मोजपट्टी उभी धरली, तर नट सैल असताना मध्ये उजेडाची अगदी बारीक रेघ दिसत होती. तेवढा बाक कायमचा राहिला आहे, आणि नवी गॅस्केट तो सामावून घेते. विंग नट घातला आणि दोन बोटांनी बसेल तेवढाच बसवला. रेस उतरत नाही म्हणून पूर्वी कोणीतरी आयडलिंगचा (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन किती वेगाने फिरावे ते ठरवणारा) स्क्रूही छेडला होता, तो गरम इंजिनावर पुन्हा लावावा लागला.

आठवड्याने मालक आले तेव्हा मी प्लग काढून पाहिले. काजळी गेली होती आणि टोकांवर फिकट तपकिरी रंग धरला होता.