बाबांचं डेनिम जॅकेट आणि अकरा नंबरचे मणी

आमच्याकडे शाळेचे युनिफॉर्म शिवतात, म्हणजे घरामागच्या शेडमध्ये आठ मशीन आणि वर्षभर तोच निळा-पांढरा कपडा, सोलापुरात असली युनिटं गल्लोगल्ली आहेत. एका मापाचे दोनदोनशे शर्ट बघून डोळे विटलेत, त्यामुळं कुठं जुना, एकुलता एक कपडा दिसला की मी आधी शिवण उलटी करून बघते. त्याच नादात रात्री मोबाईलवर चिकासॉ लोकांचं मणीकाम सापडलं आणि झोपेचं खोबरं झालं.

चिकासॉ म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. मिसिसिपी, अलाबामा, टेनेसी हा त्यांचा मुलूख. १८३७ पासून त्यांना तिथनं उठवून आजच्या ओक्लाहोमात नेलं. आता त्यांच्यातले डिझायनर जुनी डेनिम जॅकेटं, कोट घेतात आणि कॉलरवर, पाठीवर सूर्य नाहीतर गोल गोल वळत जाणारी नक्षी मण्यांनी भरतात, रिबनी लावलेले शर्ट अन् स्कर्ट तर वेगळेच. मार्गारेट रोच व्हीलर म्हणून त्यांच्यातल्या एक विणकर आहेत, त्यांच्या महोता टेक्स्टाइल्समधनं ब्लँकेटं निघतात, ते वाचून चादरीच्या गावातली मी उगाच खूश झाले.

मला गंमत वाटली ती ही की काचेचे बारीक मणी मुळात तिथले नाहीतच. युरोपातले व्यापारी घेऊन आले, त्याआधी शिंपले, हाडं, मोती वापरायचे. पण हाताला लागले आणि त्यांचेच झाले. आमच्या आज्जीच्या रुखवतातली मण्यांची महिरप, मण्यांचा ससा, ते तोरण, ते मणी तरी कुठून आले होते कुणी विचारलं का?

मग काय, मलाही करायचं होतं. कपाटात बाबांच्या कॉलेजातलं डेनिम जॅकेट सापडलं आणि आजोबांची बाराबंदी. खरं सांगायचं तर माझा डोळा बाराबंदीवर होता, पांढरं सुती कापड, बारा बंद, त्यावर लाल मणी काय उठून दिसले असते! आज्जीनं हातातनं काढूनच घेतली. "गड्ड्याच्या जत्रेला घालून नंदीध्वजाबरोबर चालत होते तुझे आजोबा, त्याला सुई लावायची नाही." पटलं मला. चिकासॉ लोकांकडंही असले कपडे असणारच की, नाचायचे, विधीचे, आणि कोण कुठल्या कपड्याला हात लावणार हे बाहेरच्यानं ठरवायचं नसतं. म्हणून ती वळणाची नक्षीही मी उचलली नाही. तिकडं तर १९९० चा कायदाच आहे, दुसऱ्यानं बनवलेला माल मूळ रहिवाशांचा म्हणून विकायचा नाही. बाहेरची चादर सोलापुरी म्हणून विकली जाते तेव्हा आपलं डोकं फिरतंच ना.

राहिलं जॅकेट. पद्धत मात्र घेतली, ती कुणाची मक्तेदारी नाही. दोन सुया लागतात. एकीच्या दोऱ्यात मणी ओवून कापडावर पसरायचे, दुसरीनं खालून वर येऊन दर दोन-तीन मण्यांनंतर त्या दोऱ्याला टाका घालायचा. मणी अकरा नंबरचे, नंबर जितका मोठा तितका मणी बारीक, हे मला उलटं वाटायचं म्हणून पहिल्यांदा चुकीचे घेऊन आले. दुसरी चूक, थेट जॅकेटवरच भरायला घेतलं. खिशाचं कापड विरलेलं, मण्यांच्या वजनानं टाक्याजवळ टरकन फाटलं आणि अख्खी एक ओळ फरशीवर, त्यात पंखा चालू! भाऊ दारात उभा राहून म्हणतो, "काय बे, मोती सांडले का राणीचे?"

आता आधी जाड कॅनव्हासच्या तुकड्यावर भरते, तो तुकडा नंतर जॅकेटला शिवायचा. नक्षी आज्जीच्या महिरपीतली, हिरवा वेल आणि शेवटी एक मोर, मोराची मान मला जमेना तेव्हा आज्जीनं चष्मा वर ढकलून सुई घेतली आणि पंधरा मिनिटांत मान झाली पण, तेवढ्यात तीनदा म्हणाली की दोरा ओढू नको, कापड गोळा होतं.

मोराच्या डोळ्याला काळे मणी कमी पडले. काल पटवेकऱ्याकडं गेले तर काका पुडी बांधता बांधता हसून विचारतात, "कधीचा मुहूर्त?"