तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीची शाळा का बदलली?

पाण्याच्या दिवशी नळावर, लग्नाच्या पंगतीत, आमच्या सोलापूरच्या दाजी पेठेत कुठंही गेले तरी तेच: "एवढी चांगली इंग्लिश मीडियमची शाळा, आठवीतच का काढलं पोरीला?" 'लांब पडत होती' म्हणून आजवर वेळ मारून नेली. ते खोटं होतं.

दर सोमवारी तिचं पोट दुखायचं. सोनोग्राफी केली, रिपोर्ट नॉर्मल. मी म्हणायचे, नाटकं करते.

मग सहामाहीनंतरची पालक मीटिंग. बाईंनी सगळ्यांसमोर तिचा गणिताचा पेपर वर धरला. ८० पैकी २३. "घरी तेलुगूच बोलता ना? मग कसं व्हायचं!" गणिताचा नि तेलुगूचा काय संबंध, हे मला रात्री सुचलं. तेव्हा मी पोरीकडेच वळले. "ऐकलंस? तुझ्यापायी मान खाली घालायची पाळी आली." ती गप्प. रिक्षात तिची मूठ सोडवली, तर तळहातावर चार नखं रुतलेली, एका ठिकाणी रक्त. घरी सासूबाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. त्यांनी तेलुगूत विचारलं, जेवलीस का? पोरीनं मराठीत उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "अम्मा, आता नानम्माशी पण मराठीतच बोलायचं ना?"

एवढं बघूनही शिक्षा म्हणून त्या संक्रांतीला मी तिला गड्ड्यावर, सिद्धेश्वराच्या जत्रेला, नेलं नाही.

पुढं डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला समजावलं: दुखणं खरंय. मेंदू आणि आतडी नसांनी जोडलेली असतात, भीती पोटात उतरते. या वयात पोरं मनाचं सांगत नाहीत, पोट दुखतं म्हणतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायलाच नाही, मुलांच्या मानसिक छळालाही मनाई आहे. हे मला नंतर कळलं. पण आधी माहीत असतं तरी त्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं असतं का? आणि घरात मी जे केलं, त्याचं काय? तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात बारा-बारा तास उभे राहून फी भरत होते, ते काय तिला छळायला? असं म्हणते, आणि मग तो तळहात आठवतो. शाळा बदलण्याआधी मी बदलायला हवं होतं, असं बहीण म्हणते. असेलही. पण त्या वर्गात तिला आणखी एक दिवस बसवणं माझ्यानं झालं नसतं.

नव्या शाळेत पोटदुखी कमी झालीय. गेली नाही. मागच्या सोमवारी परत दुखलं. 'नाटक' म्हणाले नाही मी, पण अगदी तोंडावर आलं होतं. आणि ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.