रस्त्याची पातळी तळ्यापाशी ठरते

उपनगरातील एखाद्या वस्तीचे रस्ते नव्याने बांधायचे ठरले, की चर्चा रंगते ती रस्त्याची रुंदी, पदपथ, गाड्या उभ्या करण्याची जागा आणि तोडली जाणारी झाडे यांवर. हे विषय जिव्हाळ्याचे आहेत, यात शंका नाही. तरीही आराखडा हाती आल्यावर मी आधी उघडतो तो रस्त्याचा लांबीछेद, म्हणजे जमीन, रस्ता आणि त्याखालची पावसाळी वाहिनी कोणत्या ठिकाणी किती उंचीवर आहे हे दाखवणारी रेघांची लांबलचक पट्टी. पाणी घरात शिरणार की नाही, हे त्या पट्टीवर ठरते. आणि ती पट्टी वाचायची असते खालच्या टोकाकडून, जिथे वाहिनी साठवण तळ्यात, म्हणजे पावसाचे वाढीव पाणी काही काळ धरून ठेवणाऱ्या तळ्यात, उतरते तिथून.

याचे गणित साधे आहे. वाहिनीला १:२०० उतार द्यायचा आणि तिची लांबी ४०० मीटर, तर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ मीटर खाली जाते. जमीन सपाट असेल आणि वरच्या टोकाला वाहिनीचा तळ रस्त्याखाली सव्वा मीटरवर असेल, तर तळ्यापाशी तो सव्वातीन मीटर खोल जातो. तळ्यातील नेहमीची पाणीपातळी त्याहून वर ठेवली, तर वाहिनीचे तोंड कायम बुडलेले राहील, आत गाळ बसेल आणि मोठ्या सरीत पाणी मागे तुंबून वरच्या चेंबरांतून रस्त्यावर येईल. म्हणून आधी तळ्याची पातळी, मग वाहिनीची आणि शेवटी रस्त्याची, हाच क्रम योग्य होय. प्रत्यक्षात मात्र रस्ता आधी आखला जातो आणि तळ्याच्या वाट्याला उरलेला कोपरा येतो, मग तो वस्तीतील सर्वांत उंच कोपरा का असेना!

पुनर्बांधणी आणि डांबराचा नवा थर यांतील फरकही येथेच कळतो. जुना थर न खरवडता त्यावर नवे थर चढत गेले, की रस्ता घरांच्या जोत्यांच्या बरोबरीला येतो आणि मग अंगणातले पाणी रस्त्यावर उतरण्याऐवजी रस्त्यावरचे पाणी अंगणात उतरू लागते. पुनर्बांधणीत जुने थर पायापर्यंत काढून खडीचे भक्कम थर नव्याने दाबून घातले जातात, त्यामुळे पातळी खाली आणण्याची संधी मिळते. खणलेच आहे तर जुनी जलवाहिनी आणि मलवाहिनीही त्याच वेळी बदलावी. नव्या रस्त्यावर वर्षभरात पुन्हा चर खणला गेला, तर तो कितीही नीट बुजवला तरी पाणी मुरण्याची पहिली जागा तीच होते.

तळे किती मोठे हवे, याचा ढोबळ अंदाज कोणालाही बांधता येतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. त्यामुळे १० हेक्टरांवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० घनमीटर पाणी होते. मोकळ्या जमिनीवरून त्यातील २० टक्के वाहून जात होते आणि छपरे व डांबर आल्यावर ७० टक्के वाहू लागले असे धरले, तर वाढीव पाणी २,५०० घनमीटर भरते. नेहमीच्या पातळीवर आणखी १ मीटर पाणी चढू द्यायचे असेल, तर पाव हेक्टर जागा लागते. काठाचे उतार आणि भोवतीची वाट त्याखेरीज. नेमका आकार अभियंता पावसाच्या नोंदींवरून काढेल, परंतु नकाशावर याच्या निम्मीच जागा दिसली, तर कारण विचारायलाच हवे.

लोकांचा विरोध मुख्यतः डास आणि लहान मुलांची सुरक्षितता यांवरून होतो, आणि तो रास्त आहे. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. त्यामुळे एरवी कोरडे राहणारे तळे पाऊस थांबल्यावर तीन दिवसांत पूर्ण रिकामे झाले पाहिजे. कायम पाणी धरणाऱ्या तळ्यात अळ्या खाणारे मासे टिकतील एवढी खोली ठेवावी लागते. काठाचा उतार १:४ किंवा त्याहून सौम्य असावा आणि पाण्याला लागून उथळ, रुंद पायरी असावी, म्हणजे घसरलेले मूल थेट खोल पाण्यात जात नाही. नुसत्या कुंपणावर विसंबणे मला पटत नाही.

अतिवृष्टीसाठी वेगळा सांडवा लागतो. १०० वर्षांतून एकदा अपेक्षित पाऊस म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. त्या दिवशी सांडव्याचे पाणी कोणत्या वाटेने जाईल, हे नकाशावर दाखवलेले असावे, आणि त्या वाटेत कोणाचे घर नसावे.

राहता राहिला गाळ, ज्याचा उल्लेख आराखड्यांत मला क्वचितच सापडतो. वाहिनी जिथे तळ्यात उतरते तिथे बांध घालून छोटा कप्पा केला, तर जाडा गाळ तिथेच बसतो आणि मुख्य तळे दीर्घकाळ खोल राहते. मात्र तो कप्पा उपसायला यंत्र जाईल असा रस्ता, गाळ सुकवायला जागा आणि दर काही वर्षांनी लागणारा खर्च यांची तरतूद आजच करावी लागते. रस्त्यावरून आलेल्या या गाळात तेल आणि जड धातू असू शकतात; म्हणून तो तपासल्याशिवाय बागेत टाकता येत नाही, आणि तो कोठे जाणार याचे लेखी उत्तर निविदेपूर्वीच मिळवलेले बरे.