चार पाऊण तीन

"साहेब मीटिंगला गेलेत. साडेचारनंतर या," असं खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, तेव्हा घड्याळात दीड वाजला होता. परभणीत असतो तर घरी जाऊन जेवून, एक डुलकी काढून परत आलो असतो. नरिमन पॉइंटला तीन तास कुठे घालवणार? कागदांची पिशवी काखेत मारली आणि जिकडून वारा येत होता तिकडे चालू लागलो. मुंबईत मला कुणाला पत्ता न विचारता पोचता येईल असं हे एकच ठिकाण.

मरीन ड्राइव्हवर माझं एक खूळ आहे. जागा निवडायची. साडेतीन किलोमीटरहून लांब कट्टा, सगळा एकसारखा, समोर समुद्र एकच. कुठेही बूड टेकवलं तरी काही बिघडत नाही. पण मी बसत नाही. इथे जोडपं बसलंय, उगाच त्यांना अवघड वाटेल. इथे मागे सिग्नल आहे. इथे कुणीतरी शेंगांची टरफलं टाकलीत. बायको सोबत असली की म्हणते, "स्थळ बघायला आलात का?" मुंबईची माणसं येतात, बसतात, मोबाइल काढतात. आम्ही एक रात्र रेल्वेत काढून आलेलो असतो. समुद्र नीट निवडून घ्यायला नको?

श्रावणातली दुपार. आभाळ खाली आलेलं आणि पाणी गढूळ, गोदावरीला पूर आल्यावर असतं तसं. कॅलेंडरवर मात्र समुद्र निळा असतो. आमच्याकडच्या एका केशकर्तनालयात वर्षानुवर्षं असंच एक कॅलेंडर होतं, राणीच्या हाराचं. रात्रीचा काळा समुद्र आणि कडेनं वळत गेलेले पिवळे दिवे. दाढीचा साबण वाळेपर्यंत मी ते मणी मोजायचो. 2015 साली ते पिवळे दिवे काढून पांढरे लावले आणि मुंबईत मोठी ओरड झाली, तेव्हा परभणीत बसून मलाही आपलं काहीतरी गेल्यासारखं वाटलं होतं. खरं म्हणजे तो हार मी अजून पाहिलेला नाही. तो बघायला मलबार हिलवर चढावं लागतं, आणि माझी मुंबईतली कामं सगळी सखल भागातली.

शेवटी एक जागा पसंत पडली. खाली ते सिमेंटचे टेट्रापॉड. मुंबईकरांना ते कशासारखे दिसतात माहीत नाही, मला पहिल्यापासून सराटे दिसतात. रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला सांगायला नको. सराटा कसाही पडला तरी एक काटा वर. हेही तसेच, चार पाय चार दिशांना, एकमेकांत अडकून बसलेले. लाट येते, त्यांच्या फटींतून शिरते, तिथेच तिची दहा तुकड्यांत वाटणी होते आणि भिंतीपर्यंत पोचेस्तोवर तिच्यात दम उरत नाही. हा आकार 1950 साली फ्रान्समध्ये काढला. त्या इंजिनिअरांच्या पायात कधी सराटा गेला होता का, हे मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचं आहे.

शेजारी एक आजोबा बसले होते. हातात छत्री, पायात रबरी चपला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "तुम्ही जरा मागे सरका हो. भिजाल."

"इतक्या वर येतंय होय पाणी?"

"येईल. आज संकष्टी ना? चार पाऊण तीन. तीनला पूर्ण भरती."

मी सरकलो नाही, कारण मी तिथे राहिलोच नव्हतो.

ओसरी. उन्हाळ्याची सुट्टी. आबा खांबाला टेकून बसलेले, आणि समोर आम्ही चार नातवंडं एका सुरात: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. पावकी झाली, निमकी झाली, की पाऊणकी. ती झाल्याशिवाय आंब्याच्या अढीला हात लावायचा नाही. मी सातावर अडायचो. सात पाऊण? आबा काही बोलायचे नाहीत, नुसते अढीकडे बघायचे. बाजारात किलो आणि लिटर येऊन कितीतरी वर्षं झाली होती, शाळेत गुरुजी दशांश अपूर्णांक शिकवत होते. एकदा मी धीर करून विचारलं, "आबा, ह्याचा उपयोग काय?" आबांनी पाऊण शेर दुधाचा, पाऊण एकर रानाचा हिशेब सांगितला असता तरी चाललं असतं. ते म्हणाले, "कळंल कधीतरी." त्यांनाही माहीत नसावं. आबांनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

आणि इथे पाऊणकी समुद्राला लावत होते!

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ," आजोबा समजावून सांगू लागले. ते मूळचे दापोलीकडचे. "शुद्ध असो, वद्य असो. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो, तसं पाणीही रोज पाऊण-एक तास मागे पडतं. मिनिटाचा हिशेब नाही जमत त्यात, पण होडी काढायला पुरतो."

"सात पाऊण सव्वापाच," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. "कुठले तुम्ही?"

"परभणी."

"तिकडे कशाला लागते हो पाऊणकी?"

ह्याला मी काय उत्तर देणार!

मग कामाचं विचारलं. मी कार्यालयाच्या दिशेला बोट दाखवलं. त्यांनी छत्रीच्या टोकानं त्याच दिशेला एक रेघ ओढली. "ते सगळं भर घालून केलेलं. हा रस्तासुद्धा. इकडचं काम 1915 साली सुरू झालं, नरिमन पॉइंट नंतरचा. आधी सगळा समुद्रच." मी मनात म्हटलं, अकरा महिने माझी फाइल पाण्यात गेल्यासारखी का वाटतेय ते आता कळलं.

तीनला दहा कमी असताना पोलिसाची शिट्टी वाजली. लोक उठायला लागले, मी पिशवी उचलेपर्यंत सराट्यांवरून एक लाट सरळ उभी राहिली आणि माझ्या अंगावर आली. चष्मा, शर्ट, पिशवी, सगळं खारं. कॉलेजातली पोरं किंचाळून हसली. आजोबा छत्री उघडून आधीच फुटपाथच्या आतल्या बाजूला उभे होते. "सांगितलं होतं," असं ते म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

साडेचारला खिडकीपाशी गेलो, तर अर्जाचा कोपरा ओला आणि शाई पसरलेली. बाईंनी तो चिमटीत धरला.

"साहेब आज परस्पर गेले. उद्या या."

"उद्या किती वाजता?"

"ते कसं सांगणार?"

रात्रीच्या देवगिरीचं तिकीट रद्द केलं आणि डोंबिवलीच्या भाच्याला फोन लावला, की आज मुक्कामाला येतोय. उद्या पंचमी. पाच पाऊण पावणेचार.