नुसतं बोलायचे पैसे कसले?

डिस्चार्जचं बिल हातात पडलं की नातेवाईक एका ओळीवर बोट ठेवतात. "सिस्टर, औषधांचं कळलं, बेडचं कळलं. पण हे समुपदेशन काय? तुम्ही तर नुसतं बोललात." ठाण्यात हृदयरुग्णांना घरी जाण्याआधी शिकवायचं काम मी करते, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नकार्यातही गाठतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही असा, पेशंट घ्या. अंगात पाणी साठतं म्हणून त्याला लघवीची गोळी असते. पण तो रोज सकाळी ठाण्याहून लोकलने दादरला जातो. गाडीत सोय नाही, उतरल्यावर मिळेल याचा भरवसा नाही. मग कामाच्या दिवशी तो गोळी गुपचूप टाळतो, आणि डॉक्टरांपुढे लाजेनं म्हणतो, "घेतो ना." हळूहळू पाय सुजतात, रात्री दोन-तीन उशा लागतात, आणि एका पहाटे धाप लागून थेट आयसीयू. गोळी कामावरून आल्यावर घेतली तर चालेल का, एवढं डॉक्टरांना विचारलं असतं तरी बहुधा मार्ग निघाला असता. पण त्यासाठी "कामाला कसे जाता?" असं त्याला आधी कुणीतरी विचारायला हवं ना!

तसंच वजनाचं. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ते पाणी आहे, फोन करा. काटा हजाराच्या आत येतो. आयसीयूचा एक दिवस कितीला पडतो ते तुमच्याच बिलावर बघा. शिवाय मुलाचा बुडालेला पगार आणि रिक्षाच्या खेपा त्यात धरलेल्याच नसतात.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2005 साली याचा हिशोब मांडला. हार्ट फेल्युअरच्या 223 पेशंटपैकी निम्म्यांना घरी जाताना नर्सनं तासभर एकेकट्याला बसवून शिकवलं, बाकीच्यांना नेहमीचीच माहिती दिली. 180 दिवसांत शिकवलेल्यांचा खर्च, शिकवण्याचे पैसे धरूनही, माणशी 2823 डॉलरनं कमी भरला. डॉलरचे रुपये करून तो आकडा ठाण्याला लावू नका, तिथला दवाखाना वेगळा. पण पुन्हा दाखल होणं टळतं म्हणून खर्च वाचतो, ती वाट इथेही तीच आहे.

मग सगळीकडे हे का होत नाही? माझं स्पष्ट मत, वाचलेले पैसे ज्याचे त्याला दिसत नाहीत. पेशंट पुन्हा दाखल झाला तर हॉस्पिटलला बिल मिळतं, न आला तर काहीच नाही. बहुतेक विमा पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, तासभर बोलण्याचे नाहीत. म्हणून फाइल देता देता पाच मिनिटांत सगळं उरकलं जातं.

बोलण्यानं सगळं होतं असंही नाही. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे मी शंभरदा सांगेन. पण महिनाअखेरीस गोळ्यांना पैसेच नसतील तर माझं शिकवणं वाया. तिथे स्वस्त जेनेरिक, म्हणजे ब्रँडच्या नावाशिवाय मिळणारं तेच औषध, कुठे मिळेल ते सांगणं जास्त कामाचं.

आणि हो, शिकायला येताना घरी स्वयंपाक जे करतात त्यांना घेऊन या. दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं, आणि खारा बांगडा, पापड, लोणचं मोजायला पेशंट स्वतः कधीच तयार नसतो.