रोजनिशी : घार, मध आणि उरलेली रिळं

सोमवार, रात्री

पावसानं आज दिवसभर उसंत दिली नाही. जेवणं लवकर आटोपली आणि बरेच दिवस यादीत असलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' लावला. शौनक सेन यांचा 2022 सालचा माहितीपट. सनडान्स आणि कान या चित्रपट महोत्सवांत, दोन्हीकडे त्या वर्षीचा सर्वोत्तम माहितीपट ठरला होता, पण पुरस्कारांचं ओझं घेऊन बघायला बसू नये असा.

सुरुवातच विलक्षण आहे. दिल्लीतली रात्र, उकिरडा, आणि त्यात वळवळणारे उंदीरच उंदीर. कॅमेरा जमिनीलगत सावकाश सरकतो. कुणी काही समजावून सांगत नाही. आपण आपले बघत राहतो, आणि किळस ओसरून कुतूहल जागं होईपर्यंत तो तिथून हलत नाही.

वजीराबादचे नदीम आणि सौद हे दोघे भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. पोट भरायला साबणाचे डिस्पेन्सर बनवायचा धंदा. पक्ष्यांच्या दवाखान्यानं घार मांसाहारी म्हणून घ्यायला नकार दिला, आणि तिथून यांचं काम सुरू झालं. लहानपणी दोघांना शरीर कमावायचा नाद होता. कुठला स्नायू कुठं जोडलेला असतो हे व्यायामाच्या मासिकांत वाचलेलं, तेच त्यांनी घारीच्या फाटलेल्या पंखावर वापरलं. हे ऐकलं तेव्हा मी सिनेमा थांबवून ह्यांना हाक मारली, म्हटलं, हे ऐकाच.

त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सालिकच्या डोळ्यांवरचा चष्मा घार वरून झेप घेऊन उचलून नेते, तो प्रसंग तर काय सांगावा! इतका अचानक, की दिग्दर्शकालाही तो रचता आला नसता.

बाहेर शहरात आंदोलनं, मग दंगल. ते सगळं लांबून येणाऱ्या आवाजांतून, फोनवरच्या बोलण्यातून कळतं. कॅमेरा तिकडं फारसा जात नाही. काहींना हे कमी वाटेल. मला पटलं. भीती घरात कशी शिरते ते मला त्यातूनच नीट कळलं.

घारींचे पंख कापतो तो मांजा. आमच्या जिल्ह्यात येवल्याची संक्रांत म्हणजे तीन दिवस पतंगांचा उत्सव, आणि दर वर्षी नायलॉन मांजावर बंदी असूनही कुणाचा तरी गळा कापल्याची बातमी येतेच. माणसाची बातमी होते तरी. पक्षी झाडाला लटकून वाळून जातो. ही फिल्म संक्रांतीच्या आधी इथल्या प्रत्येक शाळेत दाखवायला हवी. मुलं दीड तास बसतील का, असं विचारणारे असतील. घारी बघायला बसतील, माझी खात्री आहे.

मंगळवार

भाचीला घेऊन 'द एलिफंट व्हिस्परर्स' पाहिला. मुदुमलाईच्या जंगलातले बोम्मन आणि बेल्ली, आणि त्यांनी वाढवलेला रघू हत्ती. 2023 चं ऑस्कर मिळालेला. भाची रडली, मलाही भरून आलं. तरीही मनात खटकत राहिलं की रडायचं कुठं, हसायचं कुठं हे पार्श्वसंगीत आधीच सांगून मोकळं होतं. बेल्ली पिल्लाला भरवत असते तेव्हा वाटतं, जरा गप्प बसा, मला त्या दोघांचाच आवाज ऐकू द्या. जंगल देखणं टिपलंय, माणसं तर फारच गोड आहेत. पण कालची दिल्ली डोळ्यांसमोर असताना हा देखणेपणा मला थोडा जास्त झाला.

गुरुवार, दुपारी

लाइट गेलेली, त्यामुळे कागदावर लिहिते आहे. काल रात्री 'हनीलँड' पाहिला आणि अजून दुसरं काही सुचत नाही.

उत्तर मॅसेडोनियातल्या डोंगरात ओस पडलेलं एक गाव. हातिजे नावाची बाई आणि तिची अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई, एवढीच वस्ती. घरात वीज नाही. आतले प्रसंग खिडकीतून येणाऱ्या उजेडात, दिव्याच्या आणि चुलीच्या प्रकाशात टिपलेत. हातिजे कडेकपारीतून, भिंतीच्या पोकळीतून मध काढते. तोंडावर जाळी आहे, पण हात उघडे. दगड हळूच बाजूला करते, पोळं काढते आणि माशांना सांगते, अर्धं तुम्हाला, अर्धं मला.

यात उपदेश कुठंच नाही. तो तिचा व्यवहार आहे. मग शेजारी हुसेनचं मोठं कुटुंब गाईगुरं घेऊन राहायला येतं. तोही पेट्या आणतो, गिऱ्हाईक जास्त मध मागतं, आणि तो सगळाच काढून विकतो. उपाशी माशा मग शेजारच्या पोळ्यांवर तुटून पडतात. मधमाशा पाळणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं : पेटीत काही उरलं नाही की माशा दुसऱ्याचं लुटायला जातात. हातिजेची पोळी अशीच मरतात.

हुसेनला दुष्ट म्हणावं तर तसंही नाही. घरात खाणारी तोंडं इतकी, गुरं मरताहेत, व्यापारी डोक्यावर बसलेला. मला त्याचा राग आला आणि दहा मिनिटांत कीवही आली. त्याच्या मुलांतला एकजण हातिजेचं सगळं मन लावून ऐकतो, तिच्या मागं मागं फिरतो. बापापेक्षा त्याला जास्त कळतं. त्या मुलाचं पुढं काय झालं असेल, हा विचार रात्री झोपेपर्यंत पाठ सोडत नव्हता.

तीन वर्षं चित्रीकरण केलं तामारा कोतेव्स्का आणि ल्युबोमीर स्तेफानोव यांनी. हातिजे तुर्की बोलीत बोलते, ती या मंडळींना कळत नव्हती. म्हणजे शब्दांवाचून, नुसतं तिच्या हातांकडं, चेहऱ्याकडं बघून त्यांनी गोष्ट ओळखली. पुढं ऑस्करच्या माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन्ही गटांत नामांकन मिळालं, तसं त्याआधी कुठल्याच माहितीपटाच्या बाबतीत झालं नव्हतं.

ती शहरात मध विकायला जाते तेव्हा केसांना लावायचा रंग विकत घेते. कुणासाठी? तिथं बघायला कुणीच नाही. पण घेते. त्या एका खरेदीनं ती बाई मला नात्यातली वाटायला लागली.

शनिवार

आई आलीय, म्हणून 'स्थळ' लावला. तिचं माहेर वरोऱ्याकडचं. जयंत सोमलकरांचा हा सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्यांच्याच गावाकडचा, बहुतेक माणसं तिथलीच, कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. बोली कानावर पडताच आई सरसावून बसली.

सवितेला बघायला पाहुणे येतात. ती स्टुलावर बसते. नाव, उंची, शिक्षण, छंद. नकार. पुन्हा पाहुणे, पुन्हा स्टूल, पुन्हा तेच प्रश्न त्याच क्रमानं. पहिल्यांदा हसू येतं. दुसऱ्यांदाही येतं. नंतर नंतर नुसतं पोरीच्या चेहऱ्याकडं बघवत नाही. दिग्दर्शकाला हे एकदा दाखवून पुढं जाता आलं असतं, बाकीचं प्रेक्षकांनी ताडलं असतं. पण न चुकवता प्रत्येक वेळी आपल्याला त्या बैठकीत बसवलंय, आणि म्हणूनच ते अंगावर येतं. नंदिनी चिकटेचं काम किती संयत! बापाच्या कापसाला भाव नाही, त्यात हुंड्याची काळजी, तीही कुठं रडगाणं न करता आलीय.

सिनेमा स्वप्नानं सुरू होतो. पोरी पुढं बसून एका मुलाला प्रश्न विचारताहेत, उंची किती, छंद काय. आई म्हणाली, "तो पयला सीनच खरा पाह्यजे होता." मग बराच वेळानं, "मले किती जनायनं पाह्यलं त्याची गिनतीच नाही. रंग सावळा म्हनून जात. बाबा मंग दोन दिवस कोनाशी बोलत नव्हते."

हे तिनं मला आधी कधीही सांगितलं नव्हतं.

रविवार, रात्री

आज 'सेल्युलॉइड मॅन'. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांचा, 2012 चा. चांगला अडीच तासांचा आहे आणि मला एक मिनिटही जास्त वाटला नाही.

पी. के. नायर यांच्यावर आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 साली निघालं, ते त्यांनी जवळजवळ एकहाती उभं केलं. 12,000 च्या आसपास चित्रपट जमवले. अंधारात टॉर्च आणि वही घेऊन प्रत्येक खेळाला बसायचे, टिपणं काढायचे. अमुक प्रसंग अमुक सिनेमाच्या कितव्या रिळात आहे, हे म्हातारपणी चालताचालता सांगतात.

आमच्या नाशिकचा धागा यात आहे. दादासाहेब फाळक्यांच्या घरच्यांकडं नायर इथं येऊन गेले. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचं आहे. 1919 च्या 'कालिया मर्दन'चे तुकडे मिळाले ते त्यांनी फाळक्यांच्या टिपणांवरून क्रमानं लावले. नाहीतर कृष्ण झालेली फाळक्यांची मंदाकिनी आपल्याला कधी दिसलीच नसती. पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथं आम्ही पोरं सहलीला जायचो, पाण्याशी खेळायचो, परत यायचो. ही रिळांची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही. सांगायला हवी होती. तिच्यात जेवढं नाट्य आहे तेवढं कुठल्याच धड्यात नव्हतं.

आणि जे गेलं ते ऐकून जीव तुटतो. मूकपटांच्या काळात आपल्याकडं शेकड्यांनी चित्रपट निघाले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच शिल्लक आहेत. फिल्मवरच्या लेपात चांदी असते. जुनी रिळं विकायची, चांदी काढून घ्यायची, हा सरळ धंदा होता. 1931 चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, नायर शोधत आर्देशीर इराणींकडं गेले. म्हातारे म्हणाले, डबे असतील पडलेले. मुलानं नायरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की ते डबे त्यानंच चांदीसाठी निकालात काढलेत. बापाला माहीत नव्हतं! मला तिथं पुढं बघवेना. पाणी पिऊन आले, मग पुन्हा सुरू केलं.

निवृत्तीनंतर नायर त्याच संग्रहालयाच्या आसपास राहिले, आपल्या डब्यांवर लांबून लक्ष ठेवून. 2003 मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या रिळांच्या, कोठारांना आग लागली, त्यात जे जळालं ते परत येणारं नव्हतं. 2016 मध्ये ते गेले.

या आठवड्यात जे मनात घर करून बसलं ते सगळं हातांचं काम आहे : पंखाला टाका घालणारे, पोळं काढणारी, फिल्मचा तुकडा तुकड्याला जोडणारा. आणि ते दाखवणाऱ्यांनीही तेवढाच वेळ दिलाय, दोन-तीन वर्षं त्या माणसांच्या आजूबाजूला काढलीत. दीडपट वेगानं बघायची सोय हल्ली सगळीकडं असते. भाची तसंच बघते. तिच्याशी यावर भांडणार आहे मी, कारण हातिजेचा हात दगडाकडं जातो त्याचा वेग वाढवला तर ती गोष्टच उरत नाही.

'कालिया मर्दन' नेटवर सापडला. पुढच्या रविवारी आईला आणि भाचीला घेऊन बसणार. आईनं आत्ताच बजावलंय की मधे पाट्या येतील त्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या, चष्मा लावूनही तिला दिसत नाहीत.