दोन्ही ईस्टर एकाच रविवारी आले तेव्हाचा बेकरीतला गुरुवार

2025 साली पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स (ग्रीक, रशियन अशा पूर्वेकडच्या) अशा दोन्ही चर्चचा ईस्टर 20 एप्रिललाच आला. एरवी बेकरीला मध्ये उसंत मिळते. 2024 मध्ये एक ईस्टर 31 मार्चला होता आणि दुसरा 5 मेला, म्हणजे मध्ये पाच आठवडे. ऑर्थोडॉक्स चर्च ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतं. ते सध्या ग्रेगोरियनपेक्षा 13 दिवस मागे आहे आणि पौर्णिमेचं गणितही वेगळं आहे. दोन्ही हिशोब जुळले की सगळा भार पवित्र आठवड्यातल्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी येतो. त्या 17 एप्रिलला आमच्या ओट्यावर नेपल्सची पास्तिएरा (गहू-रिकोटाचं सारण आणि वर पिठाच्या पट्ट्या असलेला टार्ट), ग्रीकांचं त्सुरेकी (वेणी घातलेला गोड पाव), रशियनांचं कुलिच (उंच, गोल गोड पाव) आणि इंग्रजांचे हॉट क्रॉस बन (वर क्रॉस काढलेले गोड बन) असं सगळं एकदम होतं.

अशा दिवशी भट्टीचा क्रम लावताना मी आधी एवढंच बघते, की कोणता पदार्थ कधी खाल्ला जाणार. बन गुड फ्रायडेलाच, म्हणजे शुक्रवारीच खातात. पास्तिएरा दोन दिवस मुरल्याशिवाय तिला चव येत नाही. त्सुरेकी आणि कुलिच गुरुवारी भाजले, तरी उपवास पाळणारी माणसं शनिवारी मध्यरात्रीची प्रार्थना होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी सगळंच वर्ज्य असतं. म्हणून उपवास सोडायच्या पावात नेमकं तेच भरभरून घालतात. त्याचा एक फायदाही आहे: अंड्यातला बलक, लोणी आणि साखर यांमुळे पाव तीन दिवस मऊ राहतो.

सकाळी पहिला मान पास्तिएराचा. रिकोटा (मऊ, ओलसर इटालियन चीज) आदल्या रात्रीच चाळणीवर निथळत ठेवलेला असतो. हे टाळलं तर सारण पातळ होतं आणि खालचं आवरण ओलं, कच्चं राहतं. निथळलेला रिकोटा साखरेत कालवून बारीक जाळीतून काढायचा, मग दुधात शिजवून गार केलेला गहू, अंडी, पाकवलेली संत्र्याची साल आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. अंडी फेटून फेस आणू नये. हवा भरलेलं सारण भट्टीत वर चढतं, वरच्या पट्ट्या उचलतं आणि मग मधोमध भेगाळून खाली बसतं. 170 अंशांवर तासाभराहून जास्त वेळ लागतो. रंग लवकर आला, तर वर सैल कागद ठेवावा, पण वेळ कमी करू नये.

ती भाजत असताना अंडी रंगवून होतात. ग्रीक घरांत लाल अंडी याच गुरुवारी करतात. आमच्याकडे नैसर्गिक रंगाची मागणी होती. 12 पांढऱ्या अंड्यांना 15 कांद्यांची कोरडी सालं, 1 लिटर पाणी आणि 2 मोठे चमचे व्हिनेगर लागतं. सालं अर्धा तास उकळून, गाळून पाणी पूर्ण गार करायचं. फ्रिजमधलं अंडं थेट गरम पाण्यात गेलं, की तडकतं. म्हणून अंडी आधी बाहेर काढून ठेवावीत आणि गार रंगात सोडून मंद आचेवर 12 ते 15 मिनिटं उकळावीत. रंग तपकिरीकडे झुकणारा, विटेसारखा येतो. ज्यांना शेंदरासारखा लखलखीत लाल हवा, त्यांना हे आधीच सांगावं लागतं. अंडी कोरडी झाल्यावर तेलाचं बोट फिरवलं, की चकाकतात. ईस्टरला हीच अंडी एकमेकांवर आपटतात. एकजण ‘ख्रिस्तोस अनेस्ती’ (ख्रिस्त पुन्हा उठला) म्हणतो, दुसरा ‘अलिथोस अनेस्ती’ (खरंच उठला) असं उत्तर देतो, आणि ज्याचं अंडं शाबूत राहील त्याचं वर्ष चांगलं जातं असं मानतात.

त्सुरेकीची परीक्षा एकाच गोष्टीत होते: तोडल्यावर लांब रेशे सुटले पाहिजेत. 1 किलो ताकदीच्या (जास्त ग्लूटेन, म्हणजे चिवट प्रथिन असलेल्या) मैद्याला मी 220 ग्रॅम साखर, 180 ग्रॅम लोणी, 5 अंडी आणि साधारण 250 मिली दूध घेते. सुगंधाला 2 छोटे चमचे माहलेप आणि पाव चमचा मस्तिहा. माहलेप म्हणजे एका जंगली चेरीच्या बीतला गर, आणि मस्तिहा हा खिओस बेटावरच्या झाडाचा डिंक. हा डिंक नुसता कुटला, तर खलबत्त्याला चिकटून बसतो. थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवून चिमूटभर साखरेबरोबर कुटला, की पूड होते. जास्त पडला तर पाव कडवट लागतो. लोणी सगळ्यात शेवटी, थोडं थोडं घालायचं, कारण आधी घातलं तर ग्लूटेनची जाळी नीट बनत नाही आणि रेशे येत नाहीत. पीठ हाताला चिकटतं. तेव्हा मैदा भुरभुरायचा मोह आवरावा, त्याने पाव भुसभुशीत होतो.

पीठ फुगायला वेळ लागणारच, कारण साखर यीस्टच्या वाट्याचं पाणी ओढून घेते. घाईने उब वाढवू नये. 30 अंशांच्या वर लोणी वितळून बाहेर येऊ लागतं. वेणी सैल घालावी, नाहीतर भट्टीत बाजूने फाटते. लाल अंडं दुसऱ्यांदा फुगून झाल्यावर, भाजायच्या अगदी आधी दाबावं, आणि वरून फेटलेलं अंडं लावताना ब्रश त्याला लागू देऊ नये. ओल लागली, की रंग पावात उतरतो. एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते: पावातलं अंडं शोभेचं आहे. तीन दिवस बाहेर राहिलेलं उकडलेलं अंडं खाऊ नये. खायची अंडी वेगळी, फ्रिजमध्ये ठेवावीत.

कुलिच त्याहून जड. 1 किलो मैद्याला 300 ग्रॅम लोणी, 300 ग्रॅम साखर आणि 10 बलक. म्हणून आधी दूध, यीस्ट आणि थोडा मैदा यांचं आंबवण तयार करतात. यीस्ट जोमात आलं, की बाकीचा भार घालायचा. उंच साचा अर्ध्याहून कमी भरावा आणि पीठ पाऊण साच्यापर्यंत चढलं, की भट्टीत टाकावं. काठापर्यंत थांबलं तर ते भट्टीत ओसंडतं किंवा मध्येच बसतं. आतलं तापमान 93 अंशांच्या आसपास आल्याशिवाय बाहेर काढत नाही. बाहेर आल्यावर ते उभं ठेवायचं नाही. तान्ह्या बाळासारखं मऊ घड्या घातलेल्या टॉवेलवर आडवं निजवायचं आणि गार होईपर्यंत अधूनमधून फिरवायचं, नाहीतर स्वतःच्या वजनाने ते कंबरेत खचतं. इटलीचं कोलोम्बा (कबुतराच्या आकाराचा ईस्टरचा पाव) याच कारणासाठी उलटं टांगतात.

बनचं पीठ रात्री फ्रिजमध्ये गेलं आणि शुक्रवारी पहाटे भाजलं. त्याच्या क्रॉसला 75 ग्रॅम मैदा आणि साधारण 5 मोठे चमचे पाणी पुरतं. पातळ झालं तर पसरतं, घट्ट झालं तर भाजताना तडकतं.

पोलिश घरांच्या टोपल्या शनिवारी सकाळी आशीर्वादासाठी चर्चमध्ये जातात, म्हणून त्यांचं सामान शुक्रवारी रात्रीच भरलं: पाव, अंडी, मीठ, हॉर्सरॅडिश (एक झणझणीत मूळ), सॉसेज आणि लोण्याचं कोकरू. या कोकराचा लाकडी साचा थंड पाण्यात भिजवून घेतला, की लोणी सहज सुटतं. डोळ्यांना काळी मिरी.

कुलिचवरचा अंड्याचा पांढरा आणि पिठीसाखरेचा लेप मात्र पाव पूर्ण गार झाल्यावरच लावला. कोमट पावावर तो ओघळून जातो. बांधतानाही तेच. आत उब असताना पाव प्लास्टिकमध्ये गेला, तर वाफ कोंडते, लेप चिकट होतो आणि रविवारपर्यंत बुडाशी बुरशीचा धोका राहतो. ज्यांना गुरुवारी संध्याकाळीच पाव न्यायचा होता, त्यांना तो कागदात गुंडाळून दिला आणि घरी गेल्यावर सुती कापडाखाली ठेवायला सांगितलं.